मॅनिफोल्ड परत फुटला? नवा घ्यायच्या आधी हे बघून घ्या

टर्बो डिझेल फोर बाय फोरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोकडं नेणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) भाग, फुटणं हा रोग माझ्याकडं पावसाळ्यात चालू होतो तो दिवाळीपर्यंत पुरतो. गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट, सगळीकडनं गाड्या येतात. गाडीवाला येतो, मोबाइलवर चकचकीत स्टेनलेसच्या पाइपांचा फोटो दाखवतो आणि विचारतो, "हा टाकूया काय?" मी म्हणतो जुन्याला काय झालं, तर म्हणे फुटला. कशानं फुटला? ते कुणालाच माहीत नसतंय. आणि सगळी गोची तिथंच आहे, पहिला ज्या कारणानं गेला त्याच कारणानं दुसरा पण जाणार, मग तो कितीचा का असेना. म्हणून कुठला घ्यायचा ते मी शेवटी सांगणार, आधी रोग बघू.

लक्षणं अशी. सकाळी गार गाडी स्टार्ट केली की बॉनेटमधनं टिक-टिक-टिक, आणि पाचसहा किलोमीटर गेल्यावर आवाज गायब. हे सगळ्यात खात्रीचं. बीड तापलं की फुगतं आणि फट आपोआप बुजते, मालकाला वाटतंय गाडी बरी झाली. बरी काय झालेली नसते, संध्याकाळी गार झाली की फट परत उघडते आणि रोज थोडी थोडी वाढते. दुसरं म्हणजे पिकअप. घाटात ज्या वळणावर गाडी तिसऱ्या गिअरवर ओढायची तिथं आता दुसरा मागते, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) उशिरा उचलतो, काही गाड्या काळा धूर सोडतात, अॅव्हरेज पडतंय. टर्बोचं चाक ज्या गॅसनं फिरायचं तोच वाटेत गळत असेल तर दुसरं काय होणार. तिसरं, सिग्नलला उभं असताना एसी बाहेरची हवा ओढत असेल तर केबिनमध्ये धुराचा वास. चौथं, मॅनिफोल्ड जिथं हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) बसतो त्या जोडावर काळी, सुकी काजळी.

तिसऱ्या लक्षणावर जरा थांबा. एक्झॉस्टच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वासबिस काय नसतो, तुम्हाला वास येतो तो बाकीच्या धुराचा. डोकं दुखतंय, मळमळतंय, पोरं मागं पेंगायला लागली तर काचा खाली, गाडी बाजूला, आणि तिथनं पुढं टोइंगवर. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हे असलं काही तपासू नका.

आता हाच आवाज दुसऱ्या कुणाचा पण असू शकतो आणि निम्मे लोक इथंच फसतात. इंजेक्टरच्या खालचा तांब्याचा वॉशर गळत असला तर चफ-चफ असा आवाज येतो, पण तो हेडच्या वरनं येतो, तिथं डांबरासारखं काळं चिकट साठलेलं असतं आणि गाडी तापली म्हणून तो जात नाही. टर्बो ते इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) ते इंजिन ह्या हवेच्या होजला चीर असेल तर लोडवर शिट्टी नाहीतर फुस्स, आणि होजवर तेलकट ओल. माझा साधा हिशोब आहे, तेलकट दिसलं तर हवेची बाजू, सुकी काजळी दिसली तर धुराची बाजू. एका पोराचा मॅनिफोल्ड दुसरीकडं कुठंतरी बदलून झालेला, गॅसकेट (जोडातनं गळू नये म्हणून मधी घालतात ती पातळ चकती) बदलून झालेलं, आवाज तसाच. माझ्याकडं आल्यावर हीट शील्डच्या पत्र्यावर पान्याचं टोक दाबलं आणि आवाज बंद! पत्र्याचा एक बोल्ट पडलेला होता. चहा पाजला आणि एक बोल्ट टाकून पाठवला, पैसे तरी काय घेणार.

म्हणून पहिला चेक तोच, फुकटातला. रात्रभर गार झालेली गाडी, सकाळी बॉनेट आधीच उघडून ठेवा, कुणाला तरी स्टार्टर मारायला लावा आणि तुम्ही ऐका. पहिली दोन मिनिटंच कामाची, नंतर सगळं तापतं. मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाजवळ आणि दुसरं जोडाच्या आसपास फिरवा, पट्टे आणि फॅनपासून हात, नळी, शर्टाच्या बाह्या लांब. ८०० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला साधारण साडेसहा वेळा धूर सोडतो, त्यामुळं एकच पोर्ट (सिलिंडरचं धूर सोडायचं तोंड) गळत असेल तर टिक-टिक सुटी सुटी ऐकू येते. सगळं मिळून फुरफुर येत असेल तर गळती बहुतेक पुढं आहे, टर्बोच्या फ्लँजला (बोल्टनं जोडायच्या जाड कडेला) नाहीतर डाउनपाइपला (टर्बोतनं सायलेन्सरकडं जाणाऱ्या पाइपाला), जिथं चारीचा धूर एकत्र झालेला असतो. एवढ्यानं पण शोधायची जागा निम्मी होते.

मग इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन काजळी शोधा. वरनं बघून भागत नाही, खालच्या बाजूला छोटा आरसा घालून बघा, लेडीज पर्समधला चालतो. हीट शील्ड काढावी लागली तर काढा, पण तिचे बोल्ट गंजून पत्र्यात अडकलेले असतात, जोर लावून तोडू नका. ईजीआरच्या (थोडा धूर परत इंजिनात नेणाऱ्या) पाइपचं गॅसकेट विसरू नका, ते मॅनिफोल्डला चिकटूनच असतं आणि त्याची गळती मॅनिफोल्डच्या नावावर जाते.

तिसरा चेक शंभर रुपयाच्या आत आहे आणि मला स्वतःला सगळ्यात आवडतो. गार गाडी, इंजिन बंद. घरातला व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावायचा म्हणजे हवा सोडायच्या तोंडाला पाइप, नाहीतर ब्लोअर घ्यायचा, आणि सायलेन्सरच्या शेवटी फडकं गुंडाळून हवा आत सोडायची. मग भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत घेऊन जोडांवर मारायचं. गळती असेल तिथं फेस येतोय, अगदी बारीक असेल तर मुंगीच्या डोक्याएवढे बुडबुडे निघतात. गाडी गारच पाहिजे, तापल्या बिडावर पाणी मारलं तर जी चीर नव्हती ती तुम्ही स्वतःच पाडाल. बीएस ६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीत मध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते, हवा अडते, तिथं फेस आला नाही म्हणून गळती नाही असं समजू नका.

चौथा, नट. गार इंजिनवर टॉर्क पाना लावून प्रत्येक नट तपासायचा, मॅन्युअलमधला आकडा बघून, मधनं सुरू करून बाहेर जायचं. मधनं का, तर कडा आधी आवळल्या की मॅनिफोल्ड कमानीसारखा अडकतो आणि मधली फट बुजतच नाही. एखादा नट ढिला निघाला तर नुसता आवळून मोकळे होऊ नका, तो ढिला का झाला ते बघा. स्टड (हेडमध्ये बसवलेली आट्यांची सळई, जिच्यावर नट बसतो) लांबलेला असेल, नाहीतर कुणीतरी आधी साधे बाजारी नट टाकलेले असतील जे तापून नरम पडलेत. आणि नट फिरत असताना एकदम हलका लागला, पाना मऊ जातोय असं वाटलं तर हात थांबवा, स्टड तुटायच्या बेतात आहे.

कडेचेच स्टड का तुटतात ते एकदा समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जातंय. बीड १०० डिग्री तापलं की मीटरमागं साधारण १.१ मिलिमीटर वाढतं. ४० सेंटीमीटरचा मॅनिफोल्ड घाटात ५०० डिग्रीनं तापला तर जवळजवळ सव्वादोन मिलिमीटर लांब होतो. हेड ॲल्युमिनियमचं असलं तरी ते पाण्यानं गार ठेवलेलं, ते पाऊण मिलिमीटर पण वाढत नाही. राहिलेला दीड मिलिमीटर जाणार कुठं? मॅनिफोल्ड हेडवर घासत सरकतो आणि कडेच्या स्टडना ढकलतो, दर घाटाला ढकलतो, दर पार्किंगला परत ओढतो. म्हणून चांगल्या मॅनिफोल्डची कडेची भोकं लांबट नाहीतर मोठी असतात, सरकायला जागा राहावी म्हणून. नवा घेताना ही भोकं बघायची, हे आत्ताच लक्षात ठेवा.

इथपर्यंत घरी करायला हरकत नाही. इथनं पुढं मॅनिफोल्ड उतरवायचा आहे आणि त्याला हात, हत्यारं आणि दोन दिवस पाहिजेत. आदल्या दिवशी सगळ्या नटांना गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, दोनतीनदा मारा. टर्बोच्या ऑइलच्या आणि पाण्याच्या लाइन सोडल्या की लगेच तोंडं बंद करा, स्वच्छ फडक्यानं नाहीतर टोपणानं, आत एक खडा गेला तर मॅनिफोल्डच्या कितीतरी पट खर्च उभा राहील. एखादा स्टड हेडच्या बरोबरीनं तुटला तर तिथंच थांबा. ह्याच्यापुढं घरी ड्रिल मशीन घेऊन बसलेले लोक मी बघितलेत, ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडं सरकतं, भोक वाकडं जातं, आणि काही हेडमध्ये पलीकडं पाण्याची वाट असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला चांगला टर्नर त्या तुकड्यावर नट वेल्ड करून, तापला असतानाच हलवून हलवून काढून देतो. त्याला पैसे द्या, हेड वाचवा.

मॅनिफोल्ड हातात आला की तीन गोष्टी. फेसवर, म्हणजे हेडला टेकणाऱ्या सपाट बाजूवर, सरळ पट्टी ठेवून खालनं फिलर गेज (फट मोजायची पातळ पात्यांची जुडी) सरकवायचा, मी ०.२ मिलिमीटरचं पातं सरकलं की फेस मारायला, म्हणजे मशीनवर सपाट करायला पाठवतो. फेस मारताना चारी पोर्ट एकाच सेटिंगमध्ये मारून घ्यायचे, वेगवेगळे मारले तर काम गेलं. दुसरं, वाजवून बघायचं, दोरीला टांगून पान्यानं हलकं टिचकी मारा, धड बीड घंटेसारखं वाजतंय आणि चिरलेलं थप्प करतंय. तिसरं रॉकेल आणि खडू, आमच्या वस्तादांची पद्धत. वायर ब्रशनं साफ करायचं, रॉकेल लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, कोरडं पुसायचं आणि शाळेतल्या पांढऱ्या खडूची पूड चोळायची. चिरेत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं. दुकानात लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे कॅन मिळतात, ते जास्त नेमकं दाखवतात. चीर बहुतेक दोन पोर्टच्या मधल्या पुलावर नाहीतर टर्बोच्या फ्लँजच्या गळ्याशी सापडते. आतल्या बाजूनं खपली निघालेली दिसली तर टर्बोचं धुराकडचं चाक पण बघून घ्या, बिडाचा तुकडा पात्यात गेला असेल तर कडेला चावल्यासारखी खूण असते. पातं चावलेलं असलं किंवा शाफ्ट हातानं हलवल्यावर चाक घराला टेकत असलं तर टर्बोवाल्याकडं, स्वतः खोलू नका.

वेल्डिंग चालतं काय, हे सगळेच विचारतात. चालतं, पण नीट केलं तर. आधी तापवायचं, निकेलचा रॉड वापरायचा, थोडं थोडं वेल्ड करायचं आणि नंतर राखेत नाहीतर चुन्यात पुरून रात्रभर गार करायचं. पाच मिनिटात वेल्ड करून पाणी मारून हातात देणाऱ्याकडं जाऊ नका, वेल्डच्या शेजारीच नवी चीर येते. आणि नीट केलं तरी मी त्याला नवा पार्ट येईपर्यंतची सोय समजतो, त्याच्या भरवशावर लांब जात नाही.

आता खरा मुद्दा, फुटला कशानं. बावड्याकडचं एक गिऱ्हाईक, उसाची शेती, गाडी रोज रानात. दीड वर्षात तीन मॅनिफोल्ड, तिन्ही एकाच जागी फुटलेले, टर्बोच्या गळ्याशी. मी टर्बोखाली बॅटरी मारली तर ब्लॉकवर दोन आटे पाडलेली भोकं, चिखलानं भरलेली, आणि त्यांच्याभोवती चौकोनी जागा बाकीच्या ब्लॉकपेक्षा स्वच्छ. म्हणजे तिथं कधीतरी काहीतरी बसलेलं होतं. टर्बोला खालनं आधार देणारा ब्रॅकेट! आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीनं टर्बो उतरवताना काढला आणि परत बसवलाच नाही, अडचणीच्या जागी होता म्हणून असेल. टर्बोचं सगळं वजन नुसत्या बिडावर लोंबकळत होतं आणि बांधावरनं जाताना दर खड्ड्याला हिसका. "पावणं, तुमचा मॅनिफोल्ड वाईट नव्हता, त्याला खांदा द्यायला कोण नव्हतं," असं म्हटलं तर ते पाच मिनिटं हसत होते, मग तीन बिलं आठवली आणि हसू गेलं. ब्रॅकेट जुन्या बाजारातनं आणला. मॅनिफोल्ड कंपनीचाच साधा टाकला, अजून आहे.

तर उतरवलेला असताना हे बघायचं. ब्रॅकेट आहे काय आणि त्याचे बोल्ट घट्ट आहेत काय. इंजिन माउंटचं रबर फाटलंय काय, कारण इंजिन डोललं की सायलेन्सर मॅनिफोल्डला पिरगाळतो. डाउनपाइपचा जाळीचा बेलो (लवचिक जोड) तुटून घट्ट झालाय काय, सायलेन्सरचे रबरी हँगर आहेत काय. ह्या सगळ्या वस्तू मॅनिफोल्डपुढं किरकोळ किमतीच्या आहेत. हीट शील्ड आवाज करते म्हणून काढून फेकलेली असेल तर ती परत बसवा, पावसात ओढ्यातनं गाडी घालताना लालबुंद बिडावर पाणी उडू नये ह्यासाठी ती आहे, आणि शेजारच्या वायरी-होज भाजू नयेत म्हणून पण. करूळ घाट चढून आल्या आल्या पाण्यात घालू नका, इंजिन पण लगेच बंद करू नका, मिनिट दोन मिनिट गाडी तशीच चालू ठेवा, त्यानं टर्बोचं ऑइल पण वाचतं. आणि ताकद वाढवायला रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) केला किंवा पॉवर बॉक्स लावला असेल तर ते मिस्त्रीला खरं सांगा. डिझेल जास्त पडलं की टर्बोच्या आधीचं तापमान चढतं. ७०० डिग्रीच्या वर गाडी बराच वेळ ओढत राहिली तर मी तरी ॲक्सिलरेटरवरनं पाय काढतो. ज्याला रिमॅप ठेवायचाच आहे त्यानं मॅनिफोल्डच्या आधी तापमानाचं मीटर घ्यावं, प्रोब टर्बोच्या आधी बसवून. प्रोबचं भोक मॅनिफोल्ड उतरवूनच पाडायचं, गाडीवर पाडून लोखंडाचा चुरा टर्बोत घालू नका.

एवढं सगळं झाल्यावर कुठला घ्यायचा. टर्बो कंपनीचाच असेल आणि रिमॅप नसेल तर कंपनीचा बिडाचा घ्या, विषय संपला. स्टेनलेसचा पाइपचा घेतला की पिकअप वाढतो ही समजूत आपल्या गाड्यांना फारशी लागू होत नाही. छोट्या टर्बोला आखूड वाट आणि गरम गॅस पाहिजे असतो, जाड बीड उष्णता धरून ठेवतं. त्यात ३०४ स्टेनलेस बिडाच्या दीडपट फुगतं, मघाचा सव्वादोन मिलिमीटरचा हिशोब इथं साडेतीनवर जातो, आणि तो सगळा ताण वेल्डवर येतो. एका पोरानं हौसेनं लावलेला, दिसायला एकदम नाद खुळा, पण टर्बो दोन बोटं वर आला, ऑइल परत जायची नळी आडवी झाली, ऑइल साठून टर्बोच्या सीलमधनं निळा धूर चालू, आणि पहिल्याच पावसाळ्यात चार नंबरच्या पाइपाचा वेल्ड चिरला. परतीची नळी खाली उतरतीच पाहिजे. मोठा टर्बो टाकणार असाल तर पाइपचा मॅनिफोल्ड विचारात घ्या, पण फ्लँज १० ते १२ मिलिमीटर जाड, पाइप जाड भिंतीचा आणि टर्बोला वेगळा आधार असेल तरच. ब्रेक बूस्टर, स्टिअरिंगचा रॉड, एसीचा पाइप ह्यांच्यापासून अंतर आधी मोजा, गाडीवर बसवून नव्हे, पट्टी घेऊन.

कंपनीचा मिळत नसेल तर बाहेरचा ओतीव मॅनिफोल्ड चालतो, काही काही लय चांगले असतात. दुकानात गॅसकेट सोबत घेऊन जा. पोर्टवर गॅसकेट धरून बघा, मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकाएवढं किंवा किंचित मोठं चालतं, छोटं असलं तर धुराला पायरी लागते. कडेची भोकं लांबट आहेत काय, ईजीआरचं तोंड आणि सेन्सरची जागा तुमच्या मॉडेलला जुळते काय, फेस मशीननं मारलाय का नुसता घासलाय. माल कसला ते विचारा. साधं ग्रे बीड स्वस्त, पण तापणं-गार होणं सोसत नाही. एसजी आयर्न (ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं, चिवट बीड) पाहिजे, आणि सिलिकॉन-मॉलिब्डेनमवालं एसजी मिळालं तर उत्तमच, ते उष्णतेसाठीच बनवतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्रीत कुणी ओळखीचा असेल तर त्याच्या हातात द्या, वाजवूनच तो सांगेल कारण एसजी खणखणतं आणि ग्रे मुकं वाजतं. जुन्या बाजारातला घेणार असाल तर पट्टी आणि खडू खिशात घालून जा. दुकानदार खडू बघून भाव स्वतःच कमी करतो, असा अनुभव आहे.

बसवताना गॅसकेट नवं, नट आणि स्टड नवे, गंजलेले दोन "चालतील" म्हणून ठेवू नका. हेडचा फेस स्क्रेपरनं हलक्या हातानं साफ करा, ॲल्युमिनियमवर ओरखडा म्हणजे नवी गळती. सीलंट लावू नका, जळून निघून जातं. दोन फेऱ्यात आवळा, आणि ५०० किलोमीटरनंतर गार गाडीवर एकदा परत तपासा.

बीएस ६ वाल्यांसाठी वेगळं. १ एप्रिल २०२० नंतरच्या ह्या गाड्यांत धुराच्या वाटेत तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर बसलेले आहेत, गळती असली की डीपीएफची साफसफाई बिघडू शकते आणि डॅशबोर्डवरचे दिवे लागतात. दिवा लागलेला असेल तर माझे वरचे पहिले दोन चेक करा आणि स्कॅनरवाल्याकडं जा, पुढं खोलू नका. वॉरंटीत असेल तर पान्याला हातच लावू नका. आणि धुराची वाट बदलणं हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये (गाडीत फेरफार करण्याबद्दलच्या) अडकू शकतं, इन्शुरन्सवाला पण अपघातानंतर हेच शोधतो.

कुणाची गाडी टिकटिक करत असेल तर सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, फोन बॉनेटच्या कडेला धरून. आणि काजळीचा फोटो खालच्या बाजूनं काढा, वरनं काढलेल्या फोटोत फक्त हीट शील्ड दिसते.